मतपेटीच्या अलीकडची पायरी

२००८ सालच्या मतदारसंघ पुनर्रचनेच्या आदेशात २५४ या क्रमांकापुढे ‘माळशिरस’ असं नाव आहे आणि नावापुढे कंसात ‘अ.जा.’ न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेचे आकडे समोर ठेवून ही यादी केली. महाराष्ट्र विधानसभेतल्या अनुसूचित जातींच्या राखीव जागा १८ वरून २९ वर गेल्या. त्यांतल्या दोन सोलापूर जिल्ह्यात आल्या : मोहोळ आणि माळशिरस. कंसातल्या त्या अक्षरांचा अर्थ अकलूजकरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९८० पासून विजयसिंह मोहिते-पाटील इथून निवडून येत होते, राज्याचं उपमुख्यमंत्रिपदही त्यांना इथला आमदार असतानाच मिळालं होतं. आता आपल्याच तालुक्यात त्यांना उभं राहता येत नव्हतं. २००९ ला ते शेजारच्या पंढरपुरातून लढले आणि भारत भालक्यांकडून हरले. माळशिरसमधून राष्ट्रवादीचे हनुमंत डोळस आमदार झाले.

त्याच आदेशाने दुसरी एक उलथापालथ केली. १९६२ पासून पंढरपूर हा लोकसभेचा राखीव मतदारसंघ होता आणि अकलूजचा पट्टा त्यात येत होता. तायाप्पा सोनवणे इथून गेले, संदीपान थोरात तर सात वेळा गेले, १९९९ आणि २००४ ला रामदास आठवले गेले. २००८ ला हा मतदारसंघच नकाशावरून पुसला गेला. आरक्षण सोलापूरच्या जागेवर सरकलं, इकडे माढा नावाचा खुला मतदारसंघ तयार झाला आणि त्याची पहिली निवडणूक शरद पवारांनी जिंकली. आठवल्यांनी शिर्डी गाठली, तिथे ते पडले. लोकसभेला राखीव आणि विधानसभेला खुला असलेला पट्टा असा एका राजपत्राने लोकसभेला खुला आणि विधानसभेला राखीव झाला. बदललं नाही ते एवढंच की, दोन्ही वेळा उमेदवाराचा विचार करताना मोहिते-पाटलांच्या अकलूजमधल्या ‘शिवरत्न’ बंगल्यावरून काय निरोप येतो याकडे सगळ्यांचे कान असत.

हे कुणावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. ज्या घराण्याच्या हाती साखर कारखाना, शिक्षणसंस्था आणि दोन पिढ्यांचा गावोगावचा राबता आहे, त्याचा शब्द चालणारच. २०१९ साली हे घराणं भाजपच्या बाजूला होतं, तेव्हा भाजपचे राम सातपुते २,५९० मतांनी निवडून आले. २०२४ ला घराणं शरद पवारांकडे परतलं, धैर्यशील मोहिते-पाटील माढ्यातून खासदार झाले आणि विधानसभेला सातपुत्यांना उत्तमराव जानकरांनी १३,१४७ मतांनी हरवलं. जानकर हे आधीच्या निवडणुकीत हरलेले उमेदवार. आकडे पाहिले तर पारडं कुठल्या वजनाने फिरतं ते दिसतं. आरक्षण एवढंच ठरवतं की उभं कोण राहील. उभं कुणी करायचं आणि निवडून कुणी द्यायचं, हे आरक्षणाच्या बाहेर राहतं. या दोन प्रश्नांवर गेल्या शतकात दोन देशांत कडाक्याचं भांडण झालं. एक टेक्सासात, दुसरं आपल्या येरवड्यात, आणि तेही एकाच वर्षी. त्या भांडणाचे कागद शाबूत आहेत.

अमेरिकेचा विषय मराठीत उपरा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. फुल्यांनी कृतज्ञता व्यक्त केली त्यानंतर चार वर्षांनी, १८७७ मध्ये, केंद्राचं सैन्य दक्षिणेतून मागे घेतलं गेलं आणि सुटलेल्या माणसाचा मताधिकार परत काढून घ्यायला सुरुवात झाली, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

काढून घेण्याची रीत पाहण्यासारखी आहे. घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मत नाकारायला बंदी होती, म्हणून कुठल्याच कायद्यात वर्णाचं नाव घेतलं गेलं नाही. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदानासाठी कर भरण्याची आणि घटनेतलं एखादं कलम वाचून किंवा ऐकून ते समजावून सांगण्याची अट घातली. समजलं की नाही, हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवणार. लुइझियानाने १८९८ मध्ये पुढचं पाऊल टाकलं : ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ पूर्वी मतदार होता, त्याला शिक्षणाची आणि मालमत्तेची अट माफ. त्या तारखेपूर्वी गुलामाच्या आजाला मत कुठलं? त्या राज्यात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० साली उरले ५,३२० आणि १९०४ साली १,३४२. बंदुका, जाळपोळ, झाडाला टांगलेली माणसं हेही सगळं होतंच, पण हे आकडे पाडले ते शाई आणि कागदाने.

तरीही काही माणसं कर भरून, परीक्षा देऊन यादीत टिकून राहिली. त्यांच्यासाठी टेक्सासने १९२३ मध्ये वेगळी युक्ती काढली. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी जी प्राथमिक निवडणूक होते, तिच्यात निग्रोला भाग घेता येणार नाही असा सरळ कायदाच केला. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्याने खुशाल मत द्यावं! दक्षिणेत तेव्हा एकच पक्ष होता, त्याचं तिकीट मिळालं की माणूस निवडून आलाच. मुख्य निवडणूक उरली नावाला.

जुलै १९२४ मध्ये एल पासो गावातले डॉक्टर लॉरेन्स निक्सन कर भरल्याची पावती घेऊन या प्राथमिक निवडणुकीच्या केंद्रावर गेले. तिथले कर्मचारी त्यांना ओळखत होते. त्यांनी तब्येतीची चौकशी केली आणि मत देऊ देता येत नाही म्हणून सांगितलं. आपल्याला मत मिळणार नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. त्यांना नकार हवा होता, कारण नकाराशिवाय दावा उभा राहत नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. टेक्सासने लगेच नवा कायदा केला की पक्षाचे सदस्य कोण, हे पक्षाच्या कार्यकारिणीने ठरवावं. निक्सन पुन्हा कोर्टात गेले आणि मे १९३२ मध्ये पुन्हा जिंकले. मग पक्षाने आपल्या अधिवेशनातच ठराव केला की आमचे सदस्य फक्त गोरे. १९३५ साली न्यायालयाने हे मान्य केलं, कारण पक्ष ही खासगी मंडळी, तिने कुणाला आत घ्यावं हा तिचा प्रश्न. अखेर ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या दाव्यात, थर्गुड मार्शल यांनी वकिली केलेल्या खटल्यात, एप्रिल १९४४ मध्ये न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवला. उमेदवार निवडणं हा निवडणुकीचाच भाग आहे, हे मान्य व्हायला एकवीस वर्षं लागली.

निक्सनांचा दुसरा विजय मे १९३२ चा. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्याच्या येरवड्यात जो करार झाला, त्याचं दुसरं कलम काढून वाचावं. शाळेत आपल्याला करार म्हणून जे शिकवलं जातं त्यात गांधींचा उपवास असतो, स्वतंत्र मतदारसंघ सोडल्याचं असतं आणि १४८ जागांचा आकडा असतो. दुसऱ्या कलमात एक प्राथमिक निवडणूक आहे. प्रत्येक राखीव जागेसाठी त्या मतदारसंघातल्या फक्त अस्पृश्य मतदारांनी आधी मतदान करायचं, प्रत्येकाला एकच मत. सर्वांत जास्त मतं पडलेले चौघे उमेदवार ठरतील. मग सगळ्या हिंदू मतदारांनी, स्पृश्य-अस्पृश्य मिळून, त्या चौघांतून एक निवडायचा.

टेक्सासात प्राथमिक निवडणूक दलितांसारख्याच माणसांना बाहेर ठेवण्यासाठी होती, पुणे करारात ती फक्त त्यांच्यासाठी होती. यंत्र एकच, रोख नेमका उलटा. आंबेडकरांना ठाऊक होतं की संयुक्त मतदारसंघात शेवटचा शब्द बहुसंख्याकांचा राहणार, म्हणून त्यांनी निदान पहिला शब्द राखून ठेवला. करारावर सह्या करणाऱ्यांत आंबेडकर, श्रीनिवासन, सोळंकी, एम. सी. राजा होते, क्रिकेटपटू पी. बाळू होते आणि पां. ना. राजभोजही होते. राजभोजांचं नाव पुढे सोलापूरच्या संदर्भात येईल.

पाचव्या कलमात मात्र या यंत्राची मुदत लिहिलेली होती : दहा वर्षं, किंवा दोन्ही बाजूंनी ठरवल्यास त्याआधीच. आणि अंमलबजावणीत त्याचे दात पडले. मतदारसंघांची आखणी ठरवणाऱ्या हॅमंड समितीने अर्थ लावला की चार हा कमाल आकडा आहे. चार किंवा त्याहून कमी अर्ज आले तर प्राथमिक निवडणूक घ्यायचीच नाही. म्हणजे जिथे एखाद्या पक्षाने हव्या त्या माणसाचा अर्ज भरला आणि गर्दी झाली नाही, तिथे अस्पृश्य मतदाराचा ‘पहिला शब्द’ विचारलाच जात नव्हता.

मुंबई प्रांताने एक वेगळी सोय केली होती. इथे राखीव जागा एकाहून जास्त सदस्यांच्या मतदारसंघांत बसवल्या आणि मतं एकत्रित देण्याची पद्धत ठेवली. मतदाराला जितक्या जागा तितकी मतं, आणि वाटलं तर ती सगळी एकाच उमेदवाराला. आंबेडकरांचा आग्रह याच पद्धतीचा होता आणि त्यामागचा हिशेब साधा होता. विखुरलेल्या अल्पसंख्याकाला दुसऱ्याच्या मतावर अवलंबून न राहता आपला माणूस निवडायचा असेल, तर आपली सगळी मतं एका पारड्यात टाकता आली पाहिजेत. १९३७ मध्ये मुंबईत आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली. समोर काँग्रेसने पी. बाळूंना उभं केलं होतं, त्यांना ११,२२५ मिळाली. स्वतंत्र मजूर पक्षाचे १७ उमेदवार होते, १४ निवडून आले. सोलापूर जिल्ह्यातून जिवाप्पा ऐदाळे आले. एका वर्षाच्याही न झालेल्या पक्षाला हा निकाल मिळाला, त्यात आंबेडकरांच्या नावाचा वाटा मोठा असला तरी मत देण्याच्या पद्धतीचा वाटा विसरून चालणार नाही.

त्या निवडणुकीत मतदार कोण होता, हेही पाहावं. प्रौढ मताधिकार नव्हता. शेतसारा, कर, शिक्षण अशा पात्रता होत्या. त्या लावल्या तर गावकुसाबाहेरची बहुतेक वस्ती यादीबाहेर राहिली असती, म्हणून अनुसूचित जातींसाठी अटी सैल केल्या आणि मुंबई प्रांतात कनिष्ठ गावकामगाराचं काम करणाऱ्यालाही मतदार मानलं. सांगावा नेणं, सरकारी माणसाची बडदास्त ठेवणं, मेलेलं ढोर ओढणं अशी गावकी करणारा महार त्या गावकीच्या जोरावर मतदार झाला. ज्या महार वतनाविरुद्ध आंबेडकरांनी १९२८ मध्येच कौन्सिलात विधेयक आणलं होतं, त्याच वतनाने त्यांचे मतदार वाढवले. वतन रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.

मत हाती आलं तरी ते वापरता येईलच असं नव्हतं. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा १९३० चा अहवाल आहे. अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहती उभारणारे अधिकारी, सदस्यांत आंबेडकर, सोळंकी आणि ठक्करबाप्पा. अस्पृश्याने हक्क बजावला की गाव काय करतं, ते या अहवालात सरकारी भाषेत नोंदलं आहे : शेतमजुरी बंद, वाट बंद, दुकानदार माल देत नाही. मिसिसिपीत मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्याला जमीनमालक कुळातून काढून टाकत असे, दुकानदार उधारी तोडत असे. दोन्हीकडे कायद्याला न दिसणारा हात पोटावर पडत होता. १९४० च्या सुमारास दक्षिणेतल्या मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम तीन टक्के नोंदलेले मतदार होते.

१९४६ चा निकाल आंबेडकरांच्या नव्या पक्षासाठी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनसाठी, फार वाईट लागला. देशभरातल्या १५१ राखीव जागांपैकी तिला दोन मिळाल्या. प्राथमिक निवडणुका जिथे झाल्या तिथे चित्र इतकं एकतर्फी नव्हतं आणि आंबेडकरांनी पुढे हाच मुद्दा लावून धरला : आमच्या माणसांनी पहिल्या फेरीत ज्याला पुढे केलं, त्याला दुसऱ्या फेरीत इतरांनी पाडलं. ब्रिटिश त्रिमंत्री मंडळाने मात्र अंतिम निकालच पाहिला.

त्याच उन्हाळ्यात आंबेडकरांनी अमेरिकेत कृष्णवर्णीय विचारवंत विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. पत्र छोटं आहे. अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाला अर्ज दिल्याचं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, आम्हीही तो मार्ग पाहतो आहोत, एवढाच मजकूर. ड्यू बॉईस यांचं ३१ जुलै १९४६ चं उत्तरही आहे. दोन्ही कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट इथल्या संग्रहात ठेवलेले आहेत. या पत्रव्यवहाराला आजकाल दोन महापुरुषांच्या स्नेहाचा रंग दिला जातो. मला तो एका हरलेल्या पक्षाच्या पुढाऱ्याने वकिलाच्या थंडपणाने केलेला तपास वाटतो. पुढच्याच वर्षी घटना समितीसाठी त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हा मसुदा लिहिला. समान वागणुकीची कलमं कुठून घेतली तेही त्यांनी सांगितलं : अमेरिकेचे १८६६ आणि १८७५ चे नागरी हक्कांचे कायदे. सामाजिक बहिष्काराला शिक्षा देणारा भाग ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्यावरून उचलला. १८७५ चा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्येच मारून टाकला होता. आपल्या देशात मेलेला कायदा चौसष्ट वर्षांनी मुंबईतल्या एका टेबलावर पुन्हा कामाला आला. बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने केला तो २०१६ साली.

स्वतंत्र मतदारसंघाची मागणी घटना समितीत टिकणार नव्हती. २८ ऑगस्ट १९४७ ला मद्रासचे एस. नागप्पा यांनी मधला मार्ग सुचवला. मतदारसंघ संयुक्तच ठेवा, पण राखीव जागेवर निवडून येणाऱ्याने अनुसूचित जातींच्या मतदारांनी दिलेल्या मतांपैकी निदान ३५ टक्के मतं मिळवलेली असावीत. सरदार पटेलांनी कडक शब्दांत विरोध केला. नागप्पांनी सूचना मागे घेतली. पुणे करारातली प्राथमिक निवडणूक तोवर गेलेलीच होती, आता तिचा उरलासुरला वारसाही संपला. त्या दिवसानंतर राखीव जागेच्या उमेदवाराला त्याच्या स्वतःच्या समाजाने काय कौल दिला, हे विचारणारं एकही कलम आपल्या कायद्यात नाही.

१९५२ ची लोकसभा. सोलापूर हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आले, राखीव जागेवर फेडरेशनचे राजभोज. करारावर सही केलेला माणूस वीस वर्षांनी त्या कराराने घडवलेल्या जागेवरून लोकसभेत पोचला. फेडरेशनला सबंध देशात दोन खासदार मिळाले, सोलापूरचे राजभोज आणि करीमनगरचे एम. आर. कृष्णा. खुद्द आंबेडकर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे चौदा हजार मतांनी पडले.

सोलापूर जिंकलं आणि मुंबई हरली, यात पद्धतीचा हात आहे. एकत्रित मतं देण्याची १९३७ ची सोय गेली होती. मतदाराला दोन मतं, पण ती दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. पडद्यामागे जाऊन एक कागद या पेटीत, दुसरा त्या पेटीत. दोन्ही एकाच पेटीत टाकले तर जादाचं मत बाद. म्हणजे प्रत्येक सवर्ण मतदाराच्या हातात एक दुसरं मत उरत होतं आणि राखीव जागेचा निकाल त्या दुसऱ्या मतावर लागत होता. सोलापुरात काँग्रेसविरोधी शेतकरी मताचा तो दुसरा कागद राजभोजांच्या पेटीकडे वळला असणार, नाहीतर फेडरेशनला ही जागा मिळण्याचं कारण दिसत नाही. मुंबईत सत्तर हजारांहून जास्त मतं बाद ठरली. आंबेडकर आणि त्यांचे सहउमेदवार अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज करून कम्युनिस्टांनी मतं मुद्दाम वाया घालवायला लावल्याचा आरोप केला, अर्ज फेटाळला गेला.

या दोन सदस्यांच्या मतदारसंघाचा शेवट ज्या कारणाने झाला, ते फारच बोलकं आहे. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम इथे दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी हरले. राखीव वर्गातला माणूस मतांच्या जोरावर सर्वसाधारण जागाही घेऊ शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. गिरी पुढे राष्ट्रपती झाले. न्यायालयाच्या त्या निकालानंतर दोन वर्षांत, १९६१ मध्ये, संसदेने दोन सदस्यांचे मतदारसंघच रद्द केले. पंढरपूरचा एकसदस्य राखीव मतदारसंघ त्यातून जन्मला. फेडरेशनच्या कार्यकारिणीने त्याआधीच, ऑगस्ट १९५५ मध्ये, विधिमंडळांतल्या राखीव जागा बंद कराव्यात असा ठराव केला होता. ती मागणी कुठल्याही सरकारने मनावर घेतली नाही. मुदत दहा-दहा वर्षांनी वाढत गेली, सध्याची जानेवारी २०३० मध्ये संपते.

अमेरिकेत दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी १९४४ नंतर हत्यार बदललं. आता नकाशा. १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगी या गावाची हद्द नव्याने आखली. चौकोनी गाव अठ्ठावीस बाजूंचं झालं आणि त्या वेड्यावाकड्या रेषेने सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे गावाबाहेर काढले. गोरा एकही बाहेर गेला नाही. प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी दावा लावला, १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हद्द रद्द केली. मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर लाठ्या बरसल्या, ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला. मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांची नोंद सात टक्क्यांच्याही खाली होती, दोन-तीन वर्षांत ती साठ टक्क्यांच्या जवळ गेली.

मत मिळालं तरी सगळ्या जिल्ह्याची मिळून निवडणूक घेतली की अल्पसंख्याकांचा एकही उमेदवार येत नसे. अलाबामातल्या चिल्टन परगण्यात कृष्णवर्णीय दहा-बारा टक्के. तिथल्या खटल्यात तडजोड झाली आणि १९८८ पासून सात जागांसाठी सात मतं, हवी तर सगळी एकाला, अशी पद्धत आली. बॉबी ॲगी हे कृष्णवर्णीय उमेदवार पहिल्याच निवडणुकीत सगळ्यांत जास्त मतं घेऊन आले. मुंबई प्रांतात १९३७ साली जे होतं आणि आपण टाकून दिलं, ते एक्कावन्न वर्षांनी अलाबामाने उचललं. चिल्टनच्या लोकांनी हॅमंड समितीचं नाव ऐकलं असेल अशी शक्यता नाही, गणित मात्र तेच होतं.

तिकडचा पुढचा प्रवास चढाचा नाही. २०१३ मध्ये अलाबामाच्याच शेल्बी परगण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या कायद्याचा कणा काढला. मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेण्याचं बंधन ज्या सूत्रावर उभं होतं, ते सूत्र रद्द झालं. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अलाबामाचा प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांचा नकाशा बेकायदा ठरवला. राज्याची पाव हिश्श्याहून जास्त प्रजा कृष्णवर्णीय आणि सातांपैकी एकाच मतदारसंघात तिला वजन, हा मुद्दा होता. नव्या नकाशावर २०२४ मध्ये शोमारी फिगर्स निवडून आले. या खटल्यांत पुरावा काय असतो, तर मतदान केंद्रनिहाय आकडे. कोणत्या वस्तीने कुणाला किती मतं दिली, गोरे आणि काळे वेगवेगळ्या उमेदवारांमागे जातात का, अल्पसंख्याकांचा पसंतीचा उमेदवार नेमाने पडतो का. १९८६ पासून न्यायालय असे प्रश्न विचारत आलं आहे. म्हणजे नागप्पांचाच प्रश्न, टक्केवारीची अट न घालता विचारलेला.

आपल्याकडेही केंद्रनिहाय आकडे असतात, निवडणूक आयोगाच्या ‘फॉर्म २०’ मध्ये. माळशिरसचेही आहेत. मात्र मतदारसंघाच्या आखणीचा आदेश घटनेच्या ३२९ व्या कलमाने न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे आणि १९६६ पासूनच्या निकालांनी ती भिंत मोठ्या प्रमाणात शाबूत ठेवली आहे. म्हणून हे आकडे आपल्याकडे पुरावा होत नाहीत, ते कार्यकर्त्यांच्या खिशात राहतात : अमुक वस्तीने आपल्याला मत दिलं नाही, पुढच्या खेपेला बघून घेऊ. वर्णभेदाच्या राजकारणाची आणि जातीच्या राजकारणाची तुलना करताना मला खरा फरक इथे दिसतो. तिकडे कायद्याने आधी माणूस बाहेर ठेवला आणि मग न्यायालयात शंभर वर्षं भांडून तो आत आला. इकडे घटनेने पहिल्या दिवशी सगळ्यांना आत घेतलं, पण आत आल्यावर कुणाचं वजन कुठे पडतं हे मोजायची जागाच ठेवली नाही.

असं मोजण्याची इच्छा लोकांना नसते असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच मतदारसंघातलं मारकडवाडी हे गाव सगळ्या देशाने पाहिलं. यंत्राच्या मोजणीत तिथे सातपुत्यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मतं दाखवली होती. गावातल्या जानकर समर्थकांना ते पटलं नाही, त्यांनी स्वखर्चाने कागदी मतपत्रिका छापून फेरमतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान थांबलं. चार-पाच दिवसांनी शरद पवार गावात येऊन गेले. महिनाभर वाहिन्यांवर यंत्र, व्हीव्हीपॅट आणि मतपत्रिका यांच्यावर वाद चालला. माळशिरसची ती जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, हा उल्लेख बहुतेक बातम्यांत मतदारसंघाच्या नावाला जोडलेल्या कंसापुरताच होता.